ग्रेड बदलाच्या कागदावर सही करावी का? (उद्यमबाग, बेळगाव)

टर्नर_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसता वाचत होतो, आज गरज पडली म्हणून लिहितोय.

मी उद्यमबागेतल्या एका कारखान्यात बावीस वर्षं टर्नर आहे. फाउंड्री आणि मशीन शॉप एकाच कंपाउंडात. युनियन जुनी आहे, तीन-चार वर्षांनी पगारवाढीचा करार होतो.

गेल्या बुधवारी दुपारच्या शिफ्टला आत शिरलो तर टाइम ऑफिसच्या खिडकीत प्रत्येकाच्या नावाचं पाकीट. शेजारी दोरीनं बांधलेलं पेन. पाकिटात दोन प्रती, इंग्रजीत. मोल्डर, कोअर मेकर, फेटलर, फिटर, टर्नर, ग्राइंडर ही सगळी पदं बंद. आता सगळे 'मल्टिस्किल ऑपरेटर', ओ-१ ते ओ-४, ओ-४ सगळ्यात वर. मी आज कुशलमधल्या सगळ्यात वरच्या ग्रेडला आहे, मला ओ-३ दिलंय. बेसिक तेच, डीए तोच. शेवटची ओळ अशी, की हे पदनाम आणि त्याला लागून येणाऱ्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. खाली सही.

आणखी एक. आमच्यातल्या आठ जुन्या माणसांना वेगळं पत्र आलंय, 'ज्युनिअर ऑफिसर'. महिन्याला अडीच हजार जास्त.

पगार कमी होत नाही तर सही करायला काय झालं, असं अर्धा शॉप म्हणतोय. काहींनी तिथंच खिडकीत उभ्या उभ्या करून सोडली. मी पाकीट घरी आणलं. सोमवारपर्यंत द्यायचं आहे. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

येळ्ळूरचा_अण्णा
सही केली नाही ना अजून? मग करू नका. बाकीचं सावकाश बोलू.

मच्छे_मोल्डर
ओ-३ वाचून आधी रक्तगटच वाटला मला. पण खरं सांगू, वाळूचे साचे करणारा म्हणजे 'मोल्डर', हा शब्द गेला तर आमच्या हातात काय राहिलं? दुसऱ्या फाउंड्रीत कामाला गेलो तर 'मल्टिस्किल ऑपरेटर' म्हणून कोण घेणार? मोल्डर म्हटलं की समोरच्याला कळतं, या माणसाला वाळू कळते.

लोंढा_गँग
मी रेल्वेतून रिटायर. लोंढा, तिनईघाट, कॅसलरॉक या भागात सगळी नोकरी काढली. लागलो तेव्हा गँगमन. मग कागदावर ट्रॅकमन झालो. मग ट्रॅक मेंटेनर, त्यात चार ते एक असे ग्रेड. पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त तीच, बीटर तोच, पहार तीच.

पण आमच्याकडं एक फरक होता. नाव बदललं तसे वर जायचे टप्पेही मिळाले. सहाव्या वेतन आयोगानं गट 'ड' काढून टाकला आणि सगळ्यांना १८०० ग्रेड पेला आणून बसवलं, त्यावर पुढचे ग्रेड आले. ते कुणी एकेकट्याला पाकीट देऊन केलं नाही. मान्यताप्राप्त युनियन आणि प्रशासन समोरासमोर बसायची, कुणावर अन्याय झाला तर त्याची यादी निघायची. म्हणून माझा सवाल एवढाच, तुमच्या युनियनशी बसून हे ठरलंय की परस्पर?

टर्नर_उद्यमबाग
काका, तेच तर नीट कळत नाही. सेक्रेटरी म्हणतात, "चर्चा झाली होती." चर्चा म्हणजे काय, ते सांगत नाहीत.

मनुष्यबळ_काकती
मी दुसऱ्या बाजूला बसतो, एका कारखान्यात एचआर सांभाळतो. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो, कारण हेही कुणीतरी सांगायला पाहिजे.

जुनी पदनामं ज्या काळात ठरली, त्या काळात लेथ हातानं चालायची. आज एक माणूस दोन सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं, बघतो, ऑफसेट देतो, इन्सर्ट बदलतो, पहिला जॉब, म्हणजे तयार झालेला भाग, स्वतः मोजतो. त्याला टर्नर म्हणायचं की सेटर की इन्स्पेक्टर? पद टर्नर म्हणून तो शेजारचं मशीन चालवायला नाही म्हणतो आणि मशीन अर्धी शिफ्ट बंद राहतं. अशा कारखान्यातलं काम हळूहळू पुण्याकडं नाहीतर होसूरकडं जातं. आमच्याकडं ग्रेड एकत्र केले तेव्हा अठ्ठावीस-तीस वयाची चांगली पोरं भराभर वर गेली. जुन्या पद्धतीत ती कुणीतरी रिटायर व्हायची वाट बघत बसली असती. ग्रेड बदलला म्हणजे फसवलंच, असं धरून चालू नका.

पाकिटं खिडकीतून वाटणं मात्र मलाही पटलेलं नाही. आम्ही सहा महिने युनियनसोबत बसलो होतो.

येळ्ळूरचा_अण्णा
@मनुष्यबळ_काकती, दोन मशीन बघतो म्हणून दोन माणसांचं काम करतो, हे तुम्हीच लिहिलंत. मग पगार तोच का? नवीन काम वाढलं म्हणून ग्रेड बदलायचा, तर तो वरच बदलला पाहिजे. या दादांना वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर आणलंय. चार पायऱ्यांत तिसरी!

वकील_टिळकवाडी
कामगारांचे खटले चालवते, त्यामुळे जरा लांब लिहीन.

पगार तोच आहे म्हणून काही बदललं नाही, हा समज चुकीचा आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात चौथी अनुसूची होती, म्हणजे ज्या गोष्टी मालकाला नोटीस न देता बदलता येत नाहीत त्यांची यादी. त्यात वेतन, कामाचे तास, शिफ्ट यांच्या बरोबरीनं सातव्या क्रमांकावर 'ग्रेडनुसार वर्गीकरण' स्पष्ट लिहिलेलं होतं. कलम ९-अ प्रमाणे बदलाची नोटीस द्यायची आणि २१ दिवसांच्या आत तो बदल अमलात आणायचा नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता २०२० लागू झाली. तिच्यात ही तरतूद कलम ४० मध्ये आली, २१ दिवस तसेच राहिले. तुमच्या फलकावर अशी नोटीस लागली होती का?

त्याला एक अपवाद आहे, तो नीट वाचा. बदल युनियनबरोबरच्या करारातून येत असेल तर वेगळी नोटीस लागत नाही. म्हणून लोंढ्याच्या काकांचा प्रश्न बरोबर आहे. शेवटच्या कराराची प्रत मिळवा आणि 'पदनाम', 'ग्रेड', 'पुनर्रचना', 'लवचिकता' असले शब्द कुठं आहेत ते शोधा. कारखान्यापुरता दोघांत झालेला करार सही करणाऱ्यांना बांधतो. कामगार अधिकाऱ्यापुढं समेटात झालेला करार मात्र सभासद नसलेल्यांनाही बांधतो.

आता ज्येष्ठतेबद्दल, कारण खरी मेख तिथं आहे. कपात करायची वेळ आली तर कायद्याचा साधारण नियम असा, की त्या वर्गातला शेवटी लागलेला माणूस आधी जातो. 'त्या वर्गातला' हे शब्द महत्त्वाचे. आज तुम्ही टर्नरांच्या यादीत बावीस वर्षांचे आहात. उद्या मोल्डर, फेटलर, फिटर सगळे एका ओ-३ मध्ये आले आणि ज्येष्ठता ग्रेडमध्ये आल्याच्या तारखेपासून मोजली, तर तुम्ही आणि परवा लागलेला पोरगा एकाच तारखेचे. 'त्याला लागून येणाऱ्या सगळ्या अटी' या ओळीत हेही बसू शकतं. रुजू झाल्याची तारीख कायम राहील, हे लेखी घेतल्याशिवाय सही करू नका.

टर्नर_उद्यमबाग
बाप रे. हे डोक्यातच आलं नव्हतं. ताई, त्या आठ जणांचं काय?

वकील_टिळकवाडी
त्यांचं जास्त नाजूक आहे. देखरेखीचं काम करणारा माणूस ठरावीक पगाराच्या वर गेला की कायद्याच्या लेखी 'कामगार' राहत नाही. जुन्या कायद्यात ती मर्यादा १०,००० होती, संहितेत १८,००० आहे. बावीस-पंचवीस वर्षं झालेल्या माणसाचा पगार आज त्याच्या वरच असणार. कामगार नाही म्हटलं की ओव्हरटाइमच्या दुप्पट दरावर वाद येतो, युनियनचा करार लागू होत नाही, कामावरून काढलं तर कामगार न्यायालयाचं दार बंद म्हणून समोरचा वकील उभा राहतो.

पण नुसत्या पदनामानं कुणी ऑफिसर होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्ये सिबा गायगीच्या खटल्यात हे सांगून ठेवलंय: माणूस मुख्यत्वे कोणतं काम करतो ते बघा, सोबतची चार किरकोळ कामं बघून ठरवू नका. रजा मंजूर करतो का? कुणाला मेमो देतो का? की दिवसभर मशीनवरच असतो? उत्तर शेवटी पुराव्यावर ठरतं, आणि पुरावा रोजच्या रोज गोळा करावा लागतो.

निपाणी_जर्दा
निपाणीहून लिहितेय. माझ्या आईनं तीस वर्षं बिड्या वळल्या. तिचं वर्गीकरण काय होतं? काहीच नव्हतं. कारखानदार म्हणायचा, ही कामगार नाही, घरी बसून करते, आम्ही फक्त पान-तंबाखू देतो. १९६६ च्या बिडी-सिगार कायद्यात घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही कामगार धरलं होतं. त्यावर मालक सर्वोच्च न्यायालयात गेले. मंगळूर गणेश बिडी वर्क्सचा तो खटला, १९७४ ला निकाल लागला, कायदा टिकला. पण कायदा टिकला म्हणून आईच्या हातात कार्ड लगेच पडलं नाही. त्यासाठी निपाणीत बायका वर्षानुवर्षं रस्त्यावर आल्या.

आई सूप मांडीवर घेऊन बसायची. हजार बिड्या म्हणजे पंचवीस-पंचवीसचे चाळीस कट्टे. संध्याकाळी दुकानात गेली की मुकादम कट्टा उलटा करून अंगठ्यानं दाबायचा आणि छाट, म्हणजे खराब ठरवलेल्या बिड्या, बाजूला काढायचा. छाटीचे पैसे नाहीत, पण छाट परतही नाही. ज्या दिवशी लॉगबुकावर तिचं नाव कामगार म्हणून चढलं, त्या दिवशी ती पहिल्यांदा मुकादमाला म्हणाली, छाट माझ्यासमोर मोजा. मी तेव्हा सहावीत होते, तिच्या सोबत उभी होते.

म्हणून दादा, कागदावर तुम्हाला काय म्हणतात याला फार किंमत आहे. 'पगार तोच' म्हणणाऱ्यांना सांगा.

खानापूरची_अक्का
@निपाणी_जर्दा, डोळ्यांत पाणी आणलंस बाई.

माझं उलट. मी अंगणवाडीत. आम्हाला कामगार म्हणायचंच नाही म्हणून 'कार्यकर्ती', आणि पगार म्हणायचा नाही म्हणून 'मानधन'. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आपल्याच कर्नाटकातल्या अमीरबी प्रकरणात सांगितलं की अंगणवाडीतलं हे पद सरकारी नोकरीचं पद नाही. मग २०२२ मध्ये गुजरातच्या बायकांच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं आम्हाला ग्रॅच्युइटीचा कायदा लागू आहे असं म्हटलं. काम तेच, पोरं तीच, वजनकाटा तोच. दोन निकालांत सोळा वर्षं गेली. मधल्या काळात कितीतरी जणी साठ पूर्ण करून हात हलवत घरी गेल्या.

शिनोळी_पाळी
विषय थोडा वेगळा होईल पण सीमेवरच्यांना उपयोगी पडेल. माझी कंपनी बेळगावात, तिनं हद्दीपलीकडं शिनोळीला, म्हणजे चंदगड तालुक्यात, दुसरं युनिट काढलं. आम्हा काही जणांना तिकडं पाठवलं. अंतर म्हणाल तर मोटारसायकलवर अर्धा तास. कागदावर मात्र राज्य बदललं. पत्रात 'बदली' असा शब्दच नव्हता, 'नवीन पदनामावर नियुक्ती' होतं. आम्ही हसतखेळत सही केली, नवीन शेड, नवीन मशीन. दोन वर्षांनी कळलं की बेळगावच्या ज्येष्ठता यादीत आमची नावं नाहीत. इथल्या युनियननं हात वर केले, तुम्ही महाराष्ट्रात. तिथल्या युनियनला आम्ही बेळगावचे.

महाराष्ट्रात तेव्हा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांचा कायदा होता, थेट औद्योगिक न्यायालयात तक्रार करता यायची. म्हणून कोल्हापूरला गेलो, शेवटी तडजोड झाली. पण चार वर्षं गेली त्यात. 'नियुक्ती' आणि 'बदली' यातला फरक मी तिथं शिकलो. तुमच्या पत्रात कोणता शब्द आहे बघा.

मच्छे_मोल्डर
आमच्याकडं सगळे कागद इंग्रजी नाहीतर कन्नडमध्ये. निम्मा शॉप येळ्ळूर, देसूर, खानापूर, जांबोटीचा. वाचून कोण सांगणार? मराठीत द्या म्हटलं तर राजकारण करताय म्हणतात.

गोकाक_फिटर
मी गोकाकचा, घरात कन्नड, बायको निपाणीची म्हणून मराठी लिहितो. मोल्डर भाऊ, आमच्या शॉपला बैलहोंगल, सौंदत्तीची पोरंही आहेत. त्यांना तरी इंग्रजी कुठं येतं? हा भाषेचा भांडण करू नका, मालकाला तेच पाहिजे असतं. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्यात कलम ९ होतं, आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत गेटजवळ लावायचे. संहितेत तो भाग आता ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यालाच लागतो, तरी मागायला काय हरकत आहे? आम्ही गेट मीटिंगला एक कागद दोनदा वाचतो. आधी कन्नड, मग मराठी. दहा मिनिटं जास्त लागतात. बस्स.

मच्छे_मोल्डर
पटलं दादा. आमच्याकडं सुरू करतो.

कोअरशॉप_मावशी
सगळे ग्रेड बदलाला घाबरताहेत म्हणून दुसरी बाजू. आम्हाला तो बदल पाहिजे होता, आम्ही भांडून घेतला.

आम्ही अकरा बायका कोअर शॉपला. कोअर म्हणजे ओतकामात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा ठोकळा. हजेरीपत्रकावर 'हेल्पर', म्हणजे अकुशल. मदत कुणाला करत होतो? कुणालाच नाही. बॉक्स भरणं, ठोकणं, व्हेंट पाडणं, कोअर अलगद सोडवून ओव्हनला लावणं, रंग देणं, सगळं आमचंच. ओल्या कोअरला नख जरी लागलं तरी ओतल्यावर जॉब आतून खराब निघतो, आणि ते मशीन शॉपला गेल्यावर कळतं. नऊ वर्षं हे केलं. शेजारी एक पुरुष तेच काम करायचा, तो 'कोअर मेकर'. समान कामाला समान वेतनाचा कायदा १९७६ चा होता. आम्ही तो ऐकला कधी, तर आठव्या वर्षी.

युनियनमध्येही सुरुवातीला कुणी ऐकेना. "बायकांचं काय एवढं!" मग आम्ही एक केलं. आठवडाभर रोज कुणी किती कोअर काढले, रिजेक्ट किती, हे एका पोरीनं वहीत लिहिलं. त्या पुरुषाचेही लिहिले. ती वही समेटाच्या बैठकीत टेबलावर ठेवली. साहेबांनी पानं उलटली आणि गप्प बसले. पाच महिन्यांनी आम्ही अर्धकुशल झालो. कुशल नाही केलं, त्याचं वाईट अजून वाटतं. पण फरकाची रक्कम मिळाली, मी त्यात घरावर पत्रे घातले.

टर्नरदादा, तुमच्याकडं कोअर शॉपला बायका असतील तर त्यांना ओ-कितीत टाकलंय ते आधी बघा.

टर्नर_उद्यमबाग
मावशी, बघितलं. सगळ्या ओ-१.

कोअरशॉप_मावशी
मग तुमच्या मागणीत त्यांचंही नाव घाला. आपलं तेवढं सोडवून घेऊ नका.

मनुष्यबळ_काकती
मावशींची वही ही खरी जॉब इव्हॅल्युएशन, म्हणजे कामाचं मूल्यमापन. पुस्तकात हेच सांगतात: आधी कामाचं वर्णन, मग ग्रेड. कौशल्य, श्रम, जबाबदारी, कामाची परिस्थिती, या चार गोष्टींवर काम तोलायचं, माणूस नाही. दादा, कंपनीकडं ओ-१ ते ओ-४ चं लेखी वर्णन मागा. कोणत्या कामाला कोणता ग्रेड आणि का. नसेल तर ग्रेड हवेत ठरलेत. असेल तर त्यावर मुद्देसूद बोलता येईल. आणि ओ-३ वरून ओ-४ ला कसं जायचं, परीक्षा की वर्षं की साहेबांची मर्जी, हेही लेखी घ्या. हे मी माझ्या बाजूच्या लोकांनाही सांगतो.

येळ्ळूरचा_अण्णा
हे मात्र पटलं साहेब. आधीचं थोडं तिखट बोललो.

लोंढा_गँग
करार मिळाला का?

टर्नर_उद्यमबाग
सगळ्यांचे आभार, काय काय झालं ते सांगतो.

शनिवारी सेक्रेटरींच्या घरी गेलो, सोबत सात जण. करार मागितला. त्यांनी कपाटातून काढून दिला. तेरा कलमं, त्यातलं अकरावं: 'उत्पादकतेच्या दृष्टीने पदनामांची पुनर्रचना करण्यास उभय पक्ष तत्त्वतः सहमत आहेत, तपशील परस्पर चर्चेने ठरवण्यात येईल.' ताईंना फोटो पाठवला. त्या म्हणाल्या, तत्त्वतः सहमती म्हणजे तपशिलाला सहमती नाही. चर्चेनं ठरवायचं म्हटलंय, तर ती चर्चा कुठं आहे? सेक्रेटरी खरंच हळहळले. म्हणाले, पगारवाढीच्या आकड्यावर अडलं होतं, त्या गडबडीत हे कलम गेलं. मला राग आला होता, पण माणूस खोटा बोलत नव्हता.

रविवारी गेट मीटिंग. गोकाकच्या दादांचं ऐकून कागद दोनदा वाचला. कन्नड आमच्या पॅटर्न शॉपच्या पोरानं वाचला, मराठी मी. 'मान्य आहेत' ही ओळ आली तेव्हा ज्यांनी खिडकीत सही केली होती ते पुढं आले. त्यांनीही अर्ज दिला, की आम्हाला मजकूर समजावून न सांगता सही घेतली.

सोमवारी उरलेल्यांपैकी कुणीच पाकीट परत दिलं नाही. युनियनच्या लेटरहेडवर चार मागण्या दिल्या आणि पोच घेतली: रुजू तारखेची ज्येष्ठता कायम, ग्रेडचं लेखी वर्णन, आज सर्वांत वर असलेला कुणीही खाली येणार नाही, आणि कोअर शॉपच्या बायकांच्या कामाची पाहणी. दहा दिवसांनी बैठक झाली. पहिलं आणि तिसरं मान्य, लेखी. मी आता ओ-४. दुसऱ्यासाठी दोन महिने मागितलेत. चौथ्याला अजून नाहीच म्हणतात. मावशी, वही सुरू केलीय.

निपाणी_जर्दा
वही बंद पडू देऊ नका.

वकील_टिळकवाडी
छान. मान्य झालेलं मिनिट्समध्ये नको, करारात आणा, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. मिनिट्स हरवतात. आणि त्या आठ जणांचं?

टर्नर_उद्यमबाग
पाच जणांनी पत्र परत केलं. तिघांनी घेतलं. एकाच्या मुलीचं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष आहे, त्याला अडीच हजार सोडवत नाहीत. मी त्याला काही बोललो नाही. आम्ही दोघं एकाच दिवशी लागलो होतो, बावीस वर्षं एका बाकावर डबा खाल्ला. ऑफिसर झाल्यामुळं आता त्याला पलीकडच्या कँटीनमध्ये जावं लागतं. काल बघितलं तर तिथं भिंतीकडच्या टेबलावर एकटाच बसला होता, अंगात अजून शॉपचाच खाकी शर्ट, बाहीवर कूलंटचे डाग. दुपारभर मशीनवरच होता. मी माझा डबा घेऊन तिकडं गेलो. कुणी अडवलं नाही.

कोअरशॉप_मावशी
त्यांनाही एक वही द्या. रोज किती तास मशीनवर, किती वाजेपर्यंत थांबले, तारीखवार लिहायला सांगा.

टर्नर_उद्यमबाग
उद्या नेतो.